मित्राचा अल्बम आणि आपलं खरं मत

सांगलीहून एका वाचकाचं लांब पत्र आलं आहे. त्याचा सारांश असा:

वय 34. मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर हिशेबाचं काम. गाणं शिकलेले नाहीत, पण ऐकण्याचा नाद लहानपणापासूनचा. सांगली-मिरजेतल्या चाळीसेक रसिकांच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर ते आहेत. रोज कुणीतरी आवडता अल्बम सुचवतं, बाकीचे ऐकून मत लिहितात, वाद रंगतात. या वाचकांच्या परखड मतांना तिथे वजन आहे. त्यांचा शाळेपासूनचा मित्र मिरजेत गाण्याचे आणि पेटीचे क्लास घेतो. त्याने साठवलेल्या पैशांतून पहिला अल्बम केला: चार अभंग, दोन भावगीतं, चाली सगळ्या स्वतःच्या. ग्रुपवर दुवा टाकून त्याने लिहिलं, ‘खरं मत सांगा, तोंडदेखलं नको.’ वाचकांनी त्याच दिवशी साताऱ्याहून परतताना एसटीत चार गाणी ऐकली, उरलेली दोन घरी जेवताना, आणि रात्री अकराला भलंमोठं मत लिहिलं. त्याचं शेवटचं वाक्य होतं, ‘हौशी माणसाने हौसेपुरतंच राहावं.’ अकरा जणांनी दुजोरा दिला. मित्राने हात जोडल्याची खूण टाकली आणि ग्रुप सोडला. वाचकांची आठ वर्षांची मुलगी त्याच्याकडेच पेटी शिकते. तिला तो पूर्वीच्याच मायेने शिकवतो, पण हे तिला न्यायला दारात उभे राहिले की आतल्या खोलीत निघून जातो. ते विचारतात: खरं मागितलं होतं, खरं दिलं, मग माझं चुकलं काय? माफी मागितली तर मत मागे घेतल्यासारखं होणार नाही का? आणि यापुढे ओळखीतल्या कुणाचा अल्बम आला की ‘वा, छान’ लिहून मोकळं व्हायचं का?

तुम्ही ग्रुपवरचं मत जसंच्या तसं पाठवलंत, सोबत अल्बमचा दुवाही दिलात, हे फार बरं केलंत. अशा पत्रांत बहुतेक वेळा आपली बाजू सांगितलेली असते आणि मूळ मजकूर गाळलेला असतो. मी तुमचं मत वाचलं, अल्बम ऐकला, पुन्हा मत वाचलं. तुम्ही पत्रात तीनदा लिहिलं आहे की मी फक्त खरं बोललो. माझं सगळं उत्तर त्या ‘खरं’पाशी अडलं आहे, म्हणून तिथूनच सुरू करते.

तुमचा सगळ्यात ठाम आक्षेप तबल्यावर आहे. ‘तबल्याला घुमाराच नाही, नुसती टिकटिक,’ असं तुम्ही लिहिलंत आणि त्यावरून रेकॉर्डिंग हलक्या हाताने केल्याचा निष्कर्ष काढलात. मी दोन्ही कानांवर नीट बसणारा हेडफोन लावून, खिडकी बंद करून तेच गाणं ऐकलं. बायाँ, म्हणजे डाव्या हाताचा डग्गा, भरपूर आहे. दुसऱ्या अभंगात तर वादकाने मनगट दाबून काढलेली मींड, म्हणजे नादाची घसरण, सुरेख उतरली आहे. मग तुम्हाला टिकटिक का ऐकू आली? तुम्ही खोटं लिहिलं नाहीत, पण जे ऐकलंत ते त्या गाण्याचं निम्मंच अंग होतं. ‘धा’ हा बोल दोन हातांचा असतो. उजव्या हाताचा ‘ना’ दायाँवर, म्हणजे उजव्या तबल्यावर, आणि डाव्याचा ‘गे’ बायाँवर एकाच वेळी पडतो, तेव्हा ‘धा’ होतो. बायाँचा नाद खालच्या पट्टीतला. फोनचा नखाएवढा स्पीकर तो नाद काढूच शकत नाही, म्हणून ताटाशेजारी ठेवलेल्या फोनवर ‘धा’चा ‘ना’ होतो. एसटीत इअरफोन होते, पण तिथे इंजिनाची घरघर असते आणि तीही खालच्याच पट्टीतली असल्याने नेमका बायाँ आणि तानपुऱ्याचा खर्ज गिळून टाकते. वर उरते ती दायाँची टिकटिक. तुमचा आक्षेप एसटीवर आणि फोनवर होता, तो मित्राच्या नावावर लिहिला गेला.

माध्यम गाण्याचं काय करतं, हे मिरजेशी नातं असलेल्या माणसाला खरं तर घरचंच आहे. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले. 1937 साली ते गेल्यानंतर मिरजेतच त्यांचं दफन झालं. मैफलीत तास तास चालणारं त्यांचं गाणं मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूत, जेमतेम सव्वातीन मिनिटांत बसवावं लागे. आलापाला जागा थोडीच, सगळं आटोपतं घ्यायचं. आज आपण तेवढ्यावरच त्यांचं गाणं जोखतो. तबकडीवरचे खाँसाहेब आणि मैफलीतले खाँसाहेब यांत फरक असणार, हे ध्यानात ठेवूनच जाणकार त्या तबकड्या ऐकतात. तुमच्या मित्रालाही तेवढी सवलत द्यायला काय हरकत होती? मत लिहिताना एक ओळ पुरली असती: ‘एसटीत, इअरफोनवर, एकदाच ऐकलं आहे.’ वाचणाऱ्याने त्या मताला किती वजन द्यायचं ते मग त्याचं त्याने ठरवलं असतं.

आणि एकदाच ऐकणं. नवीन चाल पहिल्या ऐकण्यात परकी वाटते, याला केवळ अनुभवाचा नाही, अभ्यासाचाही आधार आहे. रॉबर्ट झायोन्स या मानसशास्त्रज्ञाने 1968 मध्ये दाखवून दिलं की एखादी गोष्ट नुसती पुन्हा पुन्हा समोर आली तरी ती आवडण्याकडे आपला कल वाढतो. तुमचे आवडते अल्बम तुम्ही शंभरदा ऐकले आहेत. त्यांच्या शेजारी मित्राचा अल्बम एकदा ऐकून बसवलात, तर ही तुलना सुरू होण्याआधीच तो हरलेला असतो. दहा वेळा ऐकूनही एखादं गाणं नावडतं राहू शकतं, ते नावडणं मी मानते. पण ते आणि एकदाच ऐकून नावडणं एकच नव्हे.

आता त्या अकरा जणांकडे येऊ. ‘अकरा जणांना तसंच वाटलं, म्हणजे माझ्या कानांची चूक नसावी,’ असं तुम्ही लिहिता. हा तुमच्या पत्रातला सगळ्यात भक्कम युक्तिवाद दिसतो, आणि मला तोच सगळ्यात कच्चा वाटतो. तुम्ही पाठवलेल्या ग्रुपच्या स्क्रीनशॉटमध्येच पाहा: रात्री साडेनऊला ‘उद्या निवांत ऐकतो’ लिहिणारे दोघे साडेअकराला ‘अगदी मनातलं बोललात’ लिहीत आहेत. मधल्या दोन तासांत त्यांनी अर्ध्या तासाचा अल्बम ऐकला असेलही. पण ऐकला तो तुमचं मत वाचण्याआधी की नंतर?

2006 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात याच गोष्टीवरचा एक प्रयोग छापून आला होता. मॅथ्यू सॅल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स या तिघांनी फारशा कुणाला माहीत नसलेल्या बँडची 48 गाणी 14 हजारांहून जास्त लोकांना ऐकायला दिली. काहींना नुसती गाणी दिसत होती. बाकीच्यांचे आठ वेगळे गट केले आणि आपल्या गटात कुठलं गाणं किती जणांनी उतरवून घेतलं, तो आकडा त्यांना दाखवला. आकडा दिसला की लोकप्रिय गाणी आणखी लोकप्रिय झाली, मागे पडलेली आणखी मागे पडली. आणि एका गटात वर गेलेलं गाणं दुसऱ्या गटात वर गेलंच असं झालं नाही. अगदी उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत, अगदी वाईट सहसा वर आली नाहीत, पण मधल्यांचं काहीही होऊ शकत होतं. पहिले काही कौल कुणीकडे पडले यावर बरंच काही ठरलं.

तुमच्या ग्रुपवर पहिला कौल तुमचा पडला, तोही वजनदार माणसाचा. तुम्ही ‘पहिला प्रयत्न आहे, दुसरा अभंग फार गोड झालाय’ असं लिहिलं असतं, तर त्यातले किती जण ‘अगदी मनातलं’ म्हणाले असते? मला वाटतं, बरेच. त्या लोकांना मी दोष देत नाही. चारचौघांत आपण असेच असतो. पण ते अकरा तुमच्या कानांचे साक्षीदार होऊ शकत नाहीत. उलट, तुमच्या शब्दाला इतकं वजन आहे म्हटल्यावर तुमची जबाबदारी इतरांपेक्षा जास्त होती.

तुमच्या मतातलं काहीच खरं नव्हतं, असं मात्र मी म्हणणार नाही. तिसऱ्या गाण्याच्या अंतऱ्यात शब्द गिळले जातात हे तुमचं म्हणणं मला पूर्ण पटलं. अभंगात शब्द कळला नाही तर काय उरलं? पाचव्या गाण्यात मित्राने पट्टी स्वतःच्या गळ्यापेक्षा अर्ध्या सुराने वर घेतली असावी, तिथे आवाज चिरतो. तुम्ही त्याला ‘नाकातला आवाज’ म्हटलंत. माझ्या मते ते पट्टीचं दुखणं आहे, पण खटकलं बरोबर जागी. ‘पंचवीस वर्षांपूर्वीच्या कॅसेटची आठवण येते’ हा आक्षेप मात्र मला दोष वाटतच नाही. अभंगाची चाल जुन्या वळणाची असेल तर ती कदाचित त्याने मुद्दाम तशी ठेवली असेल. हे त्याला विचारण्यासारखं आहे, त्याच्यावर फेकण्यासारखं नाही.

राहिलं ते शेवटचं वाक्य. ‘हौशी माणसाने हौसेपुरतंच राहावं.’ आधीच्या सगळ्या मजकुरात तबला आहे, उच्चार आहेत, चाली आहेत. या वाक्यात गाण्याचा एक सूरसुद्धा नाही. यात तो माणूस आहे, त्याने कुठवर यायचं आणि कुठे थांबायचं हे आहे. मित्राने ‘खरं मत सांगा’ म्हटलं ते अल्बमबद्दल. आपली लायकी ठरवून द्या, असं त्याने विचारलं नव्हतं. तो पोटापाण्यासाठी क्लास घेतो, म्हणजे गाण्यावरच जगतो. ज्या ग्रुपवर त्याच्या विद्यार्थ्यांचे आईबाप असू शकतात तिथे त्याला ‘हौशी’ म्हणणं किती खोल गेलं असेल, हे तुमच्या ध्यानात आलं नसावं. माझ्या मते तो टीकेमुळे गेला नाही. या वाक्यामुळे गेला.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. माफी त्या वाक्याची मागा. उच्चारांबद्दलचं मत मागे घ्यायची काही गरज नाही. तबल्याबद्दलचं मात्र दुरुस्त करा, कारण ते चुकीचं आहे. पण आधी तुम्ही स्वतः चांगल्या हेडफोनवर ऐका. माझ्या सांगण्यावरून मत फिरवलंत तर त्या अकरांसारखंच झालं.

आधी त्याला एकट्याला भेटा. क्लासच्या दारात नको. तिथे पोरं असतात, पुढची तुकडी ताटकळत असते, तो मास्तरच्या भूमिकेत असतो. मुलीच्या हाती चिठ्ठी किंवा पेढ्यांचा बॉक्सही पाठवू नका. आठ वर्षांच्या पोरीने हे ओझं का वाहावं? फोन करा, नाही उचलला तर दोन ओळी पाठवा आणि वेळ त्यालाच ठरवू द्या. बोलताना ‘तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी’ हे टाळा. त्यात वाईट वाटून घेण्याचा दोष त्याच्यावर जातो. शब्द तुमचेच असू देत, पण अंदाजासाठी देते:

‘ते हौशीचं वाक्य मी लिहायला नको होतं. ते गाण्याबद्दल नव्हतं, तुझ्याबद्दल होतं, आणि खोटं होतं. तबल्याचंही मी एसटीत ऐकून लिहिलं, आता नीट ऐकलं, माझंच चुकलं. तिसऱ्या गाण्याच्या उच्चारांबद्दल मला अजून तसंच वाटतं, तुला ऐकायचं असेल तेव्हा सांगेन, नाहीतर राहू दे.’

एवढं बोलून गप्प बसा. तो चिडून चार शब्द बोलला तर ऐकून घ्या. परत ग्रुपवर ये, असा आग्रह तर मुळीच करू नका. त्याने आयुष्यात पुन्हा त्या ग्रुपवर पाऊल ठेवलं नाही तरी तुमची मैत्री टिकू शकते.

ग्रुपवरचं ते मत पुसून टाकावं का, हेही तुम्ही ओझरतं विचारलं आहे. व्हॉट्सअॅपवर लिहिलेलं बदलायला 15 मिनिटं मिळतात, ती तेव्हाच गेली, आणि मला वाटतं ते ठीकच आहे. चाळीस जणांनी वाचलेला मजकूर गुपचूप नाहीसा केला तर आणखी चर्चा होते. वाक्य जिथे चारचौघांत लिहिलंत तिथेच, त्याच मताखाली, चारचौघांत मागे घ्या. तो ग्रुपवर नाही म्हणून काय झालं? ज्यांनी वाचलं ते सगळे तिथेच आहेत.

आता ‘वा, छान’ लिहून मोकळं व्हायचं का? नका होऊ. फुलांचे गुच्छ आणि टाळ्यांच्या खुणा मिळवून घरी गेलेल्या गायकाला पुढच्या वेळी काय सुधारायचं ते कधीच कळत नाही. त्यात प्रेम कमी आणि टाळाटाळ जास्त असते. तुमच्याकडे कान आहे, हे तुमच्या उच्चारांच्या आक्षेपावरून दिसतं. तो वापरायचा कसा, एवढाच प्रश्न आहे.

कधी वेळ मिळाला तर मिरजेत तंतुवाद्यांच्या एखाद्या दुकानात तानपुऱ्याची जवारी काढताना, म्हणजे तारा टेकतात ती घोडी घासून नाद जुळवताना, पाहा. तिथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ती कला त्याआधी कित्येक पिढ्यांची आहे. कारागीर घोडीच्या पृष्ठावर कानस अगदी हलकी फिरवतो, तार छेडतो, कान देतो, तारेखालचा दोरा केसभर सरकवतो, पुन्हा छेडतो. जास्त घासलं गेलं तर गेलेला भाग परत येत नाही, हे त्याला ठाऊक असतं. जवळच्या माणसाच्या कामावरचं मत मला याच हाताचं हवं वाटतं: थोडं बोलायचं, मग काय उमटतं ते ऐकायचं.

व्यवहारात सांगायचं तर, मत देण्याआधी विचारा की अल्बम निघायचा आहे की निघाला आहे. निघायचा असेल तर बारीकसारीक सगळं सांगा, अजून दुरुस्त करता येतं. निघाला असेल तर पुढच्या वेळी उपयोगी पडेल एवढंच सांगा. ‘उच्चार कच्चे’ म्हणण्यापेक्षा ‘तिसऱ्या गाण्यात दुसऱ्या कडव्याची पहिली ओळ मला कळली नाही’ म्हणा. पहिल्याने माणूस खचतो, दुसऱ्याने तो ते गाणं उघडून बघतो. आवडलेलंही इतक्याच नेमकेपणाने सांगा. दुसऱ्या अभंगाबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलं नाहीत, ते मला सगळ्यात जास्त खटकलं, कारण ते गाणं तुम्हाला आवडल्याचं तुम्ही मला पत्रात लिहिलं आहे. मग ते त्याला का नाही सांगितलं?

मोठ्या कंपनीच्या, मोठ्या गायकाच्या अल्बमवर मात्र हवं तेवढं परखड लिहा. तिथे तुम्ही दुसऱ्या ऐकणाऱ्यांसाठी लिहिता: वेळ घालवावा की नाही, एवढं त्यांना कळायला हवं. गायक ते वाचणारही नाही. मित्राने मत मागितलं तेव्हा वाचणारा एकच होता, आणि तुम्ही लिहिलंत ते बाकीच्या एकोणचाळीस जणांसाठी. तुमच्या मनात या दोन गोष्टींची गल्लत झाली, आणि असे ग्रुप असलेल्या बऱ्याच जणांची होते. इतर वाचकांनीही आपापल्या ग्रुपवर एक साधा नियम करून पाहावा: सदस्याचं स्वतःचं काम असेल तर मतं आधी एकाच माणसाकडे खासगीत द्यायची, दोन दिवसांनी ती सगळी एकदम कलाकाराला पोचवायची. कुणी आधी काय लिहिलं ते कुणालाच दिसत नाही, त्यामुळे प्रत्येकाचं मत खरोखर त्याचं असतं. मग बारापैकी नऊ जणांनी उच्चारांबद्दल लिहिलं असेल, तर गायकाने ते मनावर घ्यायलाच हवं.

आणि जे स्वतः अल्बम करतात त्यांना एक विनंती. ‘खरं सांगा’ असं मोघम विचारू नका. ‘शब्द कळतात का?’, ‘पट्टी जास्त झाली का?’ असं विचारा, आणि शक्यतो चौघांना विचारा, चाळिसांना नको. मिरजेत मिरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला कलाकार हजेरी लावायला गातात, नवखेही आणि नामवंतही. तिथून उठताना कुणी ‘कसं झालं’ म्हणून गर्दीला विचारत नाही. विचारायचं ते घरी, गुरूला किंवा साथीदाराला.

तुमच्यासाठी आता क्रम एवढाच: या रविवारी अल्बम शांतपणे पुन्हा ऐका, पाचवं गाणंही. मग मित्राला फोन. मग ग्रुपवर ती दोन-तीन वाक्यं. मुलीचा क्लास काही झालं तरी बंद करू नका, आणि तो अबोला धरून राहिला तरी महिन्याची फी वेळेवर, स्वतःच्या हाताने द्या. ग्रुपवर लिहिल्यावर त्या अकरांपैकी कुणी ‘पण तेव्हा तर तुम्हीच म्हणाला होतात’ असं म्हणालं, तर ‘हो, आणि आता हे म्हणतोय’ एवढंच लिहा आणि पुढच्या अल्बमकडे वळा.